तिसरी पायरी

नर्सनं माझ्या हातातल्या बांगड्या काढून भूपालांकडे दिल्या, आणि तेवढ्यात खोलीच्या दारात नसीम येऊन उभी राहिली. रात्रभरच्या एसटीनं तिचे केस पार विस्कटले होते. खांद्यावरची पिशवी तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

"आता कुणाला सोडता येणार नाही," नर्स म्हणाली. "ट्रॉली आलीय."

"सांगलीहून आलीय ती," भूपाल म्हणाले. "दोन मिनिटं द्या."

नसीम कॉटजवळ आली. तब्येतीचं वगैरे काही विचारलं नाही तिनं. म्हणाली, "मॅडम, झालं."

"काय झालं?"

"तिसरी पायरी."

मी उठून बसायला गेले, तर नर्सनं खांदे धरून मला परत आडवं केलं.

"स्थिरांक कशावर अवलंबून आहे?" मी झोपल्या झोपल्या विचारलं.

"फक्त मापावर."

"गटावर नाही?"

"नाही, मॅडम."

"नीट तपासलंस?"

"हो."

मला ट्रॉलीवर घेऊन वॉर्डबॉयनं ती हलवली. छतावरचे दिवे एकेक करून डोक्यावरून मागे जाऊ लागले. मला इतकं हलकं वाटत होतं, की ऑपरेशन थिएटरच्या दाराशी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी "भीती वाटतेय का?" असं विचारलं तेव्हा मी चक्क हसले.

मी सुनीती मगदूम. सांगलीच्या एका कॉलेजात पदव्युत्तर वर्गांना गणित शिकवत होते. त्या वर्षी माझ्या हृदयाची एक झडप निकामी झाली, आणि ती बदलायला आम्ही पुण्याला आलो होतो. भूपाल माझे यजमान, शिरोळकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट. आम्हाला मूलबाळ नव्हतं. नसीम मुलाणी माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी, सांगोल्याची. तिचे वडील तिथं शिवणाचं दुकान चालवायचे, आणि लेकीला डॉक्टर म्हणायला मिळणार म्हणून आत्तापासूनच गिऱ्हाइकांना पेढे कबूल करून बसले होते.

आमचा विषय लोकांना सांगायचा झाला, की मी घड्याळाची तबकडी घ्यायची. समजा, तबकडीच्या कडेवर प्रत्येक ठिकाणी एकेक तापमान लिहिलेलं आहे. आता प्रत्येक ठिकाणचं तापमान पुसायचं आणि तिथं आजूबाजूच्या तापमानांची सरासरी लिहायची, ठरलेल्या वजनांनी. एवढं केलं की कन्व्होल्यूशन झालं. ओबडधोबड चित्र जरा गुळगुळीत होतं. ती वजनं वाटून देतं त्याला आम्ही माप म्हणतो, आणि तबकडीसारखी जी रचना कशीही फिरवली तरी तशीच राहते, तिला गट. तबकडी हा सगळ्यात साधा गट. याहून चमत्कारिक गट असतात. अनंत नाणी एकदम उडवली तर छापा-काट्याच्या जेवढ्या रांगा पडू शकतात, त्या सगळ्यांचा मिळूनही एक गट होतो.

ही गुळगुळीत करण्याची कृती आधी चांगल्या वळणाच्या फलनांसाठी, म्हणजे तबकडीवरच्या तापमानांसारख्या नोंदींसाठी, ठरवलेली असते. प्रश्न असा, की त्यांच्या पलीकडच्या, जास्त दांडगट फलनांना ती कुठपर्यंत लावता येईल? अट एकच, बाहेर येणारं उत्तर पहिल्यासारखंच चांगल्या वळणाचं हवं. कृती वाढवता येते हे जुन्या लोकांना माहीत होतं. हद्द नेमकी कुठं लागते, ते कुणी सांगितलं नव्हतं. माझं म्हणणं होतं, की हद्द निव्वळ मापावरून सांगता येते. गट कुठला का असेना. अकरा वर्षं मी हे म्हणत होते. सिद्धतेच्या चार पायऱ्या होत्या. पहिली, दुसरी आणि चौथी माझ्याकडे होती. तिसरी मी नसीमला दिली होती: बाहेर येणारं उत्तर आत घातलेल्या फलनाच्या ठरावीक पटीपेक्षा मोठं होत नाही, ही असमानता; त्या पटीला आम्ही स्थिरांक म्हणतो.

ऑपरेशन चांगलं झालं. शुद्धीवर आले तेव्हा छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं जड होतं आणि घशात नळी होती, तरी डोक्यात पहिलं आलं ते हेच, की तिसरी पायरी झाली.

सांगलीला घरी परतल्यावर मी महिनाभर गादीवर होते. भूपाल मला उठवायचे, बसवायचे, गोळ्या द्यायचे, पथ्याची मुगाची आमटी स्वतः करायचे. नसीम दर दोन-तीन दिवसांनी यायची. मी विचारायचे, "लिहून आणलंस का?"

"टाइप करतेय, मॅडम. चिन्हं फार आहेत."

"हातानं लिहिलेलं आण. मला चालतंय."

"कच्चं आहे अजून. तुम्हाला वाचायला त्रास होईल."

भूपाल मध्येच म्हणायचे, "सुनीती, डॉक्टरांनी डोक्याला ताण देऊ नको म्हणून सांगितलंय. ती आणेल की सावकाश." मग नसीम उठायची आणि स्वयंपाकघरात त्यांना मदत करायला जायची.

ती वाळत चालली होती. गालाची हाडं वर आली होती. मी एकदा तिला म्हटलंही, "अगं, ऑपरेशन माझं झालं, का तुझं?" ती हसली नाही.

दिवाळीनंतर मी हिंडू-फिरू लागले. धारवाडला जानेवारीत एक परिषद होती आणि तिथं मला व्याख्यानाचं आमंत्रण आलं होतं. मी लगेच होकार कळवला. विषय कळवला: कन्व्होल्यूशनचा विस्तार आणि त्याची हद्द. तोपर्यंत मी तिसऱ्या पायरीची सिद्धता डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. कुणी हे वाचलं तर म्हणेल, गणिताची बाई आणि अशी कशी? पण नसीमनं त्याआधी मला दिलेल्या कुठल्याही ओळीत कधी चूक निघाली नव्हती. आणि खरं सांगायचं तर ते झालेलं असावं असं मला फार वाटत होतं.

धारवाडला आम्ही आमच्या मारुतीनं गेलो. मी मागे पाय लांब करून बसले, नसीम पुढे भूपालांशेजारी. परिषदेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी अतिथीगृहाच्या खिडकीतून मला ती दोघं व्हरांड्यात दिसली. नसीम काहीतरी सांगत होती, भराभर, हात हलवत. भूपाल मान हलवून नको-नको म्हणत होते. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ती गप्प झाली. मला वाटलं, पोरीला उद्याच्या सभेचं दडपण आलं असेल.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. बेंगळुरू, चेन्नई, पुणे, सगळीकडची माणसं. मी उभी राहिले तेव्हा टाळ्या जरा जास्तच झाल्या. माझ्या ऑपरेशनचं सगळ्यांना ठाऊक होतं. मी पहिली पायरी सांगितली. दुसरी सांगितली. फळा पुसला आणि म्हणाले, "तिसरी पायरी माझी नाही. ती माझ्या विद्यार्थिनीनं केली आहे, मी ऑपरेशन टेबलाच्या वाटेवर असताना. तेव्हा ती तिनंच सांगावी हे योग्य."

हे मी तिला आधी सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, तिला आनंदाचा धक्का द्यावा. एवढ्या मोठ्या लोकांपुढं आपल्या नावानं एक गोष्ट मांडायला मिळणं, हे पीएच.डी.च्या पोरीला केवढं मोठं असतं.

नसीम तिसऱ्या रांगेत होती. ती बराच वेळ उठली नाही. शेजारच्या माणसानं तिला कोपर लावलं तेव्हा उठली, चालत फळ्याशी आली, आणि माझ्या हातातला खडू घेताना हळू आवाजात मराठीत म्हणाली, "मॅडम, ही पायरी झालेली नाही."

"काय?"

"झालेली नाही. कधीच झाली नव्हती."

मला वाटलं, ती घाबरलीय. मी म्हटलं, "आठवत नसेल तर नुसतं सूत्र लिही. मी बोलते पुढचं."

ती सभागृहाकडे वळली आणि इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, की मॅडमना मी चुकीचं सांगितलं होतं. त्यांचा त्यात दोष नाही. तिसरी पायरी मला जमलेली नाही, आणि ती कुणालाच जमणार नाही, कारण ती खोटी आहे.

मला आठवतंय, मी टेबलाची कड घट्ट धरली होती. पहिल्या रांगेतून भूपाल अर्धवट उठले होते.

नसीमनं फळ्यावर लिहायला सुरुवात केली. नाण्यांचा गट घेतला. दोन बाजूंच्या नाण्याऐवजी मग तीन बाजूंचा ठोकळा घेतला. एका ठोकळ्यापुरतं पाहिलं तर माझी असमानता टिकते, फक्त स्थिरांक एकापेक्षा किंचित मोठा होतो. केसभर. पण ठोकळे अनंत आहेत, आणि स्थिरांक एकमेकांना गुणले जातात. केसभर जादा असलेले अनंत आकडे गुणत गेलं की गुणाकार हाताबाहेर जातो. एकाच प्रकारचं माप, दोन वेगळे गट, आणि हद्द दोन्हीकडे वेगळी. शेवटची ओळ लिहून तिनं खडू ठेवला तेव्हा माझ्या अकरा वर्षांत उभं राहण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मागून चेन्नईचा एक दाढीवाला पोरगा म्हणाला, "हे सुंदर आहे." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मला तो शब्द ऐकवला नाही. मी पायऱ्या उतरून बाहेर आले.

दुपारी अतिथीगृहाच्या खोलीत नसीम आली. मी कॉटवर बसले होते. भूपाल खुर्चीत बसून माझ्यासाठी मोसंबं सोलत होते.

"हे उदाहरण कधी सापडलं तुला?" मी विचारलं.

"मागच्या आठवड्यात. खात्री परवा झाली."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी पायरी सिद्ध करायला बघत होते. रोज."

"ऑपरेशनच्या दिवशी तुला माहीत होतं की झालेलं नाही."

"हो."

"मग खोटं का बोललीस?"

तिनं एकदा भूपालांकडे पाहिलं.

"मी मरणार असं वाटलं तुला?"

"मॅडम..."

"सांग ना. वाटलं असेल, म्हातारी जातेच आहे, जाता जाता खूश होऊ दे. मी जगले, ही तुझी मोठीच पंचाईत झाली."

माझा आवाज चढला होता. भूपालांनी हातातली फोड बशीत ठेवली, पण मान वर केली नाही.

"दुसऱ्या कुणाकडे नाव घाल," मी म्हणाले. "पत्र मी देईन. तुझं काम चांगलं आहे, कुणीही घेईल. पण ज्या माणसाच्या शब्दावर मला विश्वास ठेवता येत नाही, त्याच्याबरोबर मला गणित करता येत नाही."

नसीम म्हणाली, "बरं, मॅडम." आणि गेली. रडली-बिडली नाही. तिचं ते 'बरं' मला जास्त लागलं.

तिला एसटीनं परत पाठवावं असं माझ्या मनात होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तर भूपालांनी तिची पिशवी डिकीत ठेवलेली होती आणि ती पुढच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून बसली होती. मी मागे बसले.

बेळगाव सोडल्यावर रस्त्यात उसाचे ट्रॅक्टर लागले. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, आणि ऊस इतका वर रचलेला की त्या रस्ताभर डुलत चालल्या होत्या. एका पुलाच्या तोंडाशी त्यातला एक कलंडला आणि रस्ता अडला. भूपालांनी गाडी बाजूला घेतली. तिथं चहाची एक टपरी होती. ते खाली उतरले, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि दार उघडलं. मला वाटलं, चहा घेऊया म्हणतील.

"सुनीती, तिला मी सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"खोटं बोल म्हणून."

पुढच्या सीटवरून नसीम एकदम वळली. "काका, नका ना."

"नाही गं. काल मी मोसंबं सोलत बसलो. परत तसं नको." ते माझ्याशी बोलत होते, पण बघत होते पुलाकडे. "हॉस्पिटलच्या जिन्यात भेटली ती मला. म्हणाली, काका, दोन दिवस झोपले नाही, पण होत नाही. मी म्हटलं, माझ्या मागोमाग वर ये आणि झालं म्हणून सांग. ती नाही म्हणत होती. मी तिचे हात धरले. तिला मग नाही म्हणता आलं नाही."

"का?" मी विचारलं. "डॉक्टर म्हणाले होते का तसं? मन शांत हवं वगैरे?"

"नाही."

"मग?"

भूपालांनी दारावरचा हात काढला, परत ठेवला.

"आदल्या दिवशी डॉक्टरांनी आपल्या दोघांना बसवून सगळं सांगितलं. किती धोका आहे, काय होऊ शकतं. डॉक्टर गेले. मला वाटलं, आता तू काहीतरी बोलशील. घराचं. माझं, मागं काय करायचं ते. तू म्हणालीस, नसीमचा फोन आला का? संध्याकाळी तेच. सकाळी डोळे उघडलेस तेव्हा तेच. मला वाटलं, ते एकदा तुझ्या डोक्यातून उतरलं की न्यायच्या आधी दोन मिनिटं तरी आपल्याला राहतील. म्हणून तिला म्हटलं, झालं म्हण."

नसीम हळूच दार उघडून खाली उतरली.

"ती आली, झालं म्हणाली," भूपाल म्हणाले. "तू स्थिरांक विचारलास. तेवढ्यात ट्रॉली निघाली."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. कारखान्यातल्या एखाद्या नमुन्यात काय निघालं ते सांगावं, तसं सांगत होते. मी त्यांना किती वर्षं ओळखत होते! आणि त्या मिनिटाला मला त्यांच्याशी काय बोलावं ते सुचेना. समोर पुलावर माणसं कलंडलेल्या ट्रॉलीतला ऊस हातानं उतरवत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "तुमचाही सीझन सुरू असेल ना आता? एवढे दिवस रजा कशी मिळाली तुम्हाला?"

भूपालांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"मी नोकरी सोडली, सुनीती. जूनमध्ये. तुझं ऑपरेशन ठरलं तेव्हा."

"मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं होतं. तू 'बरं' म्हणालीस."

मला ते आठवेना. कितीही आठवून पाहिलं तरी आठवेना. जून ते जानेवारी हा माणूस घरात होता, माझ्या उशाशी होता, स्वयंपाकघरात होता. ऐन गळीत हंगामात माझी गाडी हाकत धारवाडला आला. आणि ते घरी का आहेत, हे विचारावं असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

मी गाडीतून उतरले. नसीमही उतरून टपरीच्या बाकड्याजवळ जाऊन उभी राहिली होती, आमच्याकडे पाठ करून. मी तिच्याजवळ गेले.

"काल का नाही बोललीस? मी एवढं तोडून बोलले. एका वाक्यात सुटली असतीस."

"काका तिथंच बसले होते, मॅडम."

"म्हणून?"

"त्यांचा चेहरा बघून बोलवलं नाही." मग ती म्हणाली, "आणि ते म्हणाले तरी बोलले मीच ना. तुम्ही विचारलंत, नीट तपासलंस का. मी हो म्हटलं. ते मला काकांनी सांगितलं नव्हतं."

"अगं..."

"मला वाटायचं, ते मी खरं करून दाखवीन. मग खोटं बोलले असं होणारच नाही. तुम्हाला बरं वाटत होतं, तुम्ही माझं कौतुक करत होता, आणि मी खोलीवर जाऊन तेच तेच पान लिहीत होते. अब्बांना पण सांगून टाकलं होतं मी, झालं म्हणून." तिचा आवाज आता कुठं फुटला. "उदाहरण सापडलं तेव्हा आधी मला रडूच आलं. मग एकदम आनंद झाला. आणि त्या आनंदाची मग जास्त लाज वाटली."

तो आनंद काय असतो, ते मला ठाऊक होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. माझी माफी मागायची तयारी होती, पण तिथं माफी मागायला दोन माणसं उभी होती आणि कुणापासून सुरुवात करावी ते मला कळेना. शेवटी मी म्हणाले, "काल बोलले ते विसर. प्रबंध माझ्याकडेच लिहायचा. उदाहरण पहिल्या प्रकरणात घाल."

"तुमचं प्रमेय मोडतं त्यानं."

"मोडलंय ते. घाल."

तिनं डोळे पुसले आणि तीन चहा सांगितले.

रस्ता मोकळा झाला तेव्हा मी नसीमला मागे पाठवलं आणि पुढं भूपालांशेजारी बसले. कितीतरी महिन्यांनी तिथं बसले होते. नसीम पाच मिनिटांत झोपली; तोंड उघडं, मान एका बाजूला पडलेली.

"सांगा मला," मी भूपालांना म्हणाले.

"काय सांगू?"

"काहीही. कारखान्याचं सांगा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी थट्टा करतेय की काय अशा नजरेनं. मग सांगायला लागले. आधी तुटक तुटक. एका वर्षी चुना खराब आला होता आणि रस निवळेचना, साखर पिवळट पडू लागली. चेअरमन प्रयोगशाळेच्या दारात येऊन ओरडत होते, आणि यांनी दोन दिवस तिथंच काढून चुन्याचं प्रमाण कसं बसवलं, ते. पहिली पांढरी साखर पडली तेव्हा रस आटवायच्या पॅनवरच्या कामगारानं ती कागदात बांधून यांच्या खिशात कशी घातली, ते. बोलता बोलता ते रंगात आले. उजवा हात स्टिअरिंगवर आणि डावा हवेत. रस कसा गडद होत जातो ते दाखवायला त्यांनी रस्त्याकडेच्या शेतातल्या ओल्या मातीकडे बोट केलं. मी हसले. तेही हसले. असे हसताना मी त्यांना फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

संकेश्वर गेलं. चिकोडीच्या रस्त्याला लागलो. भूपाल सांगत होते, की चुना एकदम ओतायचा नसतो. आधी थोडा, मग त्याहून थोडा, मग आणखी थोडा. प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी, म्हणजे एकूण हाताबाहेर जात नाही.

प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी.

ठोकळे सगळे सारखे का घ्यायचे? नसीमनं सारखे घेतले होते, म्हणून गुणाकार फुटला. पण प्रत्येक घटकातला तो केसभर जादा भाग जर पटापट लहान होत गेला, तर अनंत आकडे गुणूनही उत्तर आवाक्यात राहील. अशा गटांवर तिसरी पायरी खरी आहे. मग हद्द पुन्हा मापावरून सांगता येईल. सगळ्या गटांवर नाही, पण एका मोठ्या वर्गावर. अट किती लागेल? जादा भागांची बेरीज सांत, म्हणजे मर्यादित, असली तरी पुरे. चौथी पायरी मग जशीच्या तशी...

गाडीत शांतता होती. किती वेळ होती कोण जाणे. मी दचकून भूपालांकडे पाहिलं. त्यांचा डावा हात परत स्टिअरिंगवर गेला होता.

"मी ऐकतेय," मी म्हणाले. "चुना. पुढे?"

"नाही, असू दे."

"नाही हो, सांगा ना."

"सुनीती," ते म्हणाले, आणि आवाज अगदी मऊ होता त्यांचा. "सुचलंय ना काहीतरी? कर विचार. मी थांबतो."

मी नाही म्हणायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण बेरजेची अट डोक्यात नुकती आकाराला येत होती, आणि तिच्यावरची नजर काढली तर ती निसटेल असं वाटत होतं. जे सापडलं ते पुढे बरोबर निघालं. नसीमच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तेच आहे. तिला पदवी मिळाली, अब्बांचे पेढे वाटून झाले, आणि आता तिच्या उदाहरणाला लोक तिच्याच नावानं ओळखतात. भूपालांनी साखर अखेर कशी पांढरी केली, ते मला कधी पूर्ण कळलं नाही. पुढे मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, जुनी गोष्ट आहे, काय करायचीय. आता ते नाहीत.

त्या दिवशी मिरजेच्या अलीकडे कृष्णेचा पूल लागला. भूपालांनी आपल्या बाजूची काच हळूच वर केली, वाऱ्याचा आवाज नको म्हणून. सांगली येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत, आणि मी त्यांना थांबू दिलं.